चव न पाहता केलेला स्वयंपाक
नैवेद्याचे पदार्थ रोजच्या चुलीवर करून पाहण्याविषयी

भाद्रपद लागला की घरोघरच्या स्वयंपाकघरांना एक निराळीच कळा येते. माळ्यावरचे मोदकपात्र खाली उतरते, पुरणयंत्राच्या जाळ्या गरम पाण्यात भिजत पडतात, नारळ हलवून त्यातील पाण्याचा आवाज ऐकला जातो. आणि नेमक्या याच सुमारास अनेक घरांतील गृहिणींच्या मनात, विशेषतः ज्यांच्यावर नैवेद्याची जबाबदारी प्रथमच येऊन पडली आहे अशांच्या मनात, एक धास्तीही घर करून असते. ती बहुधा बोलून दाखविली जात नाही. वर्षभर चारचौघांना रुचेल असा स्वयंपाक करणारी बाई चतुर्थीच्या सकाळी उकडीच्या पातेल्यापुढे उभी राहून गोंधळते, याचे नवल वाटते खरे; परंतु त्याचे कारण तितकेसे गूढ नाही.

रोजच्या स्वयंपाकात आपण चव पाहतो. आमटीला उकळी फुटली की पळीतील दोन थेंब तळहातावर घेतो, मीठ कमी वाटले तर घालतो, आंबट झाली तर गुळाचा खडा सोडतो. नैवेद्याच्या स्वयंपाकात ही सोय नाही. देवापुढे ठेवण्यापूर्वी जिभेला लागलेले अन्न उष्टे झाले, ही आपल्या घरांतील समजूत इतकी पक्की आहे की ज्यांच्या घरी सोवळेओवळे फारसे उरलेले नाही त्या घरांतही नैवेद्य दाखविण्यापूर्वी कोणी चव घेत नाही. पानाभोवती पाणी फिरवून, पाच प्राणांच्या नावे घास अर्पण होईपर्यंत स्वयंपाक कसा झाला आहे हे करणारीलाही ठाऊक नसते. म्हणजे वर्षातील सर्वांत महत्त्वाचा स्वयंपाक आपण जणू डोळे मिटून करतो. आणि तोही अशा पदार्थांचा, जे वर्षातून एकदाच करावयाचे!

शबरीची बोरे कोणाला आठवतील. मीही एकदा आमच्या सासूबाईंपुढे ती कथा सांगितली होती. त्यांनी हातातील काम न थांबविता उत्तर दिले, “आधी तिची भक्ती आण, मग बोरं चाख.” त्यानंतर तो विषय मी पुन्हा काढला नाही.

हा लेख लिहिण्याचे निमित्तही त्या सासूबाईच आहेत. १९७९ सालच्या चैत्रात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. वाचा सुदैवाने शाबूत राहिली. तोपर्यंत आमच्या घरचा एकही नैवेद्य त्यांच्या हाताखेरीज झाला नव्हता. मी नारळ खोवून द्यावा, डाळ निवडून द्यावी, पाटावरवंटा धुवून ठेवावा, इतकाच माझा वाटा. मी सारे पाहत होते, म्हणून मला सारे येते अशी माझी समजूत होती. ती पहिल्या श्रावणी शुक्रवारीच मोडली. जिवतीच्या पूजेला पुरणाचा नैवेद्य असतो. मी डाळ शिजत घातली, बोटचेपी झालीसे वाटताच गूळ घातला, आणि मग तास उलटला तरी ती डाळ मऊ होईना. पुरणयंत्रातून कणीदार, रवाळ असे काहीतरी बाहेर आले. पोळ्या लाटताना जागोजाग फाटल्या. कटाच्या आमटीत मीठ दुप्पट पडले होते, हे पाने वाढल्यावर कळले. सासऱ्यांनी एक शब्दही न बोलता ती आमटी भाताबरोबर संपविली. त्यांनी काही बोलून दाखविले असते तर बरे वाटले असते.

दुपारी सासूबाईंच्या खाटेपाशी बसून मी रडले. “आई, मला काही हे जमायचं नाही. चतुर्थीचे मोदक आपण बाहेरून आणू,” असे म्हटले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नैवेद्याला चव बघायची नाही. पण रोजच्या जेवणाला कुणी बंदी केलीय? उद्यापासून रोज कर. साध्या वारी कर, चाख, बिघडव. चतुर्थीला अजून महिना आहे.”

आम्हां दोघींचा तो महिना मी विसरणे शक्य नाही. सणाचा पदार्थ बिनसणाच्या दिवशी करावयाचा, ही कल्पनाच मला प्रथम चमत्कारिक वाटली होती. मंगळवारी सकाळी, कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या डब्यासाठी कोणी पातोळे करते का? पण आम्ही केले. आणि करता करता जे हाती आले ते आज अनेक वर्षांनंतरही उपयोगी पडत आहे, म्हणून ते वाचकभगिनींपुढे ठेवीत आहे.

पहिला धडा मापाचा. सासूबाईंची सारी मापे हाताची होती. मोदकाला माणशी दोन मुठी पिठी, पुरणाला डाळीइतका गूळ ‘अंदाजाने’, मीठ चिमटीने. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी मुठी भरून पिठी घेई आणि उकड दर वेळी घट्ट होई. तीन दिवस असे झाल्यावर त्यांनी पिठीचा डबा खाटेवर आणावयास सांगितला. उजवी मूठ तर मिटत नव्हती. डावा हात पुढे करून म्हणाल्या, “आज काही नैवेद्य नाही, डावा चालेल.” त्यांनी डाव्या हाताने मूठ भरली, मी वाटी खाली धरली. त्यांच्या तीन मुठींनी जी वाटी भरली, ती माझ्या दोन मुठींतच भरत होती. त्यांचा हात लहानखुरा, बोटे आखूड. माझा पंजा माहेरचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी त्यांची कृती अक्षरशः पाळीत होते आणि पिठी दीडपट घेत होते!

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाटी ठरली. वाटी लहान असो की मोठी, त्याने काही बिघडत नाही. मात्र पिठी, पाणी, गूळ, डाळ सारे त्याच एका वाटीने मोजावयाचे. ज्यांनी कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हाताळले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाने घरोघरच्या मुली-सुनांना आपलेसे केले त्याचे एक मोठे कारण, माझ्या मते, त्यातील वाटी-चमच्याची मापे हेच आहे. तोळे-मासे-शेराच्या हिशेबात अडकलेल्या नवशिकीला कोणीतरी प्रथमच तिच्या फडताळातील भांड्याच्या भाषेत सांगितले. आमच्या घरीही ते पुस्तक माझ्या लग्नात आहेर म्हणून आले होते. सासूबाई त्याला ‘शाळेतलं पुस्तक’ म्हणत. आमची वाटी ठरल्यावर मात्र त्यांनी एक दिवस ते मागून घेतले आणि मला त्यातील पाने वाचून दाखवावयास लावली. दोनतीन ठिकाणी त्यांनी नापसंतीही दर्शविली, हे सांगितलेच पाहिजे.

मिठाचा प्रश्न वाटीने सुटत नाही; त्याला चमचा हवा. रोज चव पाहून करताना मी मुद्दाम मोजून मीठ घालू लागले आणि लिहून ठेवू लागले. आठ-दहा दिवसांत असे ध्यानी आले की साधारण चार वाट्या तयार आमटीला किंवा अर्धा किलो भाजीला सपाट एक लहान चमचा मीठ पुरते. चिंच अधिक असेल तर किंचित अधिक, आणि पालेभाजी आळते म्हणून कच्च्या पाल्याच्या ढिगाकडे पाहून मीठ कधीही घालू नये. ती शिजून बसल्यावरच घालावे. एवढे एक सूत्र हाताशी असले की नैवेद्याच्या दिवशी चव न पाहण्याचे निम्मे भय संपते. राहिलेले निम्मे नाक सांभाळते. फोडणीतील हिंग करपला, डाळ लागली, तूप कढून पुढे गेले, हे जिभेच्या आधी नाकाला कळते. आणि वास घेण्यानेही उष्टे होते असे मानणारी काही घरे असली, तरी स्वयंपाक करणारीने श्वास रोखून धरावा असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

दुसरा धडा गुळाचा, आणि तो मी पुरणाने शिकले. हरभऱ्याची डाळ पूर्ण शिजण्याआधी तिला गूळ लागला की ती तिथेच थबकते. मग कितीही आच द्या, ती कणी मोडत नाही. म्हणून डाळ बोटात धरून दाबली असता कोठेही कण न लागता तिचे पीठ व्हावे, इतकी ती आधी शिजली पाहिजे. मग पाणी निथळून ते कटासाठी बाजूला ठेवावे आणि एक वाटी कच्च्या डाळीला एक वाटी चिरलेला गूळ घालून आटवावे. उलथणे मधोमध उभे केले असता ते न पडता उभे राहिले की पुरण झाले. वेलची-जायफळ खाली उतरविल्यावर घालावे. हेच सूत्र नारळीपौर्णिमेच्या भातालाही तंतोतंत लागू पडते. तुपावर लवंगा टाकून परतलेला तांदूळ मोकळा पण पुरता शिजवावा, निववावा, आणि नंतरच त्याला गूळ-खोबरे लावून मंद वाफ द्यावी. तांदूळ पुढे गुळात शिजेल, या भरवशावर राहणाऱ्यांचा भात दाताखाली कचकचतो, आणि दोष मात्र तांदळाला दिला जातो.

आता पातोळ्यांविषयी. कोकण-गोव्याकडे नागपंचमीला हा पदार्थ अनेक घरांत होतो. देशावर त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडतात. चिरणे, भाजणे, तळणे त्या दिवशी वर्ज्य मानल्यामुळे दोन्हीकडे काम वाफेवरच भागते. सासूबाईंनी मला मोदकाआधी पातोळे करावयास लावले, त्यामागील धोरण मला उशिरा समजले. तांदूळ भिजवून गंधासारखे वाटून, किंवा तयार पिठी पाण्यात सरसरीत कालवून, किंचित मीठ घालून, हळदीच्या पानाच्या आतल्या अंगाला पातळ सारवावी. त्यावर गूळ-खोबऱ्याचे सारण लांबट पसरून पान मिटावे आणि दहा-पंधरा मिनिटे वाफवावे. यात पारी करणे नाही, कळ्या पाडणे नाही, फुटण्याचे भय नाही. पण सारण किती ओले असावे, वाफ किती झाली म्हणजे पिठी कच्ची राहत नाही, हे दोन्ही हातात बसते. हळदीच्या पानाचा वास घरभर दरवळतो तो निराळाच. शहरात गणपतीच्या आधी आठवडाभर ही पाने मंडईत जुडीने मिळतात. कुंडीत हळकुंड लावले तर श्रावणात घरचीच पाने होतात.

पातोळ्यांनंतर निवगऱ्या. मोदकांची उरलेली उकड मळून, तिच्यात मिरची-जिरे वाटून, कोथिंबीर घालून चपट्या वड्या थापाव्या आणि वाफवाव्या. वर कच्चे तेल किंवा तूप घेऊन खाव्या. मोदकांच्या थाटामाटात हा गरीब पदार्थ मागे पडतो. पण उकड काढण्याचा सराव करावयाचा असेल तर एखाद्या रविवारी सकाळी नुसत्या निवगऱ्याच कराव्यात. बिघडल्या तरी पोटात जातात, आणि मुले मागून मागून खातात.

मग मोदक. उकडीच्या मोदकांची भीती मुळात एका गैरसमजातून येते. कणकेप्रमाणे तांदळाच्या पिठीलाही मळून मळून चिवटपणा आणता येईल असे आपण धरून चालतो. गव्हात जो चिकटपणा आहे तो तांदळात नाही. पिठी एकमेकांना धरून राहते ती केवळ उकळत्या पाण्यात तिचा कण फुलतो म्हणून. तेव्हा सारे यश पाणी खळखळ उकळलेले असण्यात आणि पिठी त्यात पूर्ण वाफली जाण्यात आहे. एक वाटी पाण्याला चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप किंवा तेल. पाण्याला मोठी उकळी आली की आच मंद करून एक वाटी पिठी एकदम ओतावी, उलथण्याच्या दांड्याने भरभर ढवळावे, झाकण ठेवून दोन वाफा आणाव्या. आंबेमोहर अथवा त्याच्याच वंशातील इंद्रायणीची पिठी असेल तर हे माप बिनचूक बसते. तांदूळ फार जुना असेल तर पाणी दोन चमचे अधिक लागते. उकड गरम असतानाच, हाताला चटका बसतो आहे अशा अवस्थेत, पाण्याचा व तुपाचा हात लावून मळावी. थंड झालेली उकड कितीही मळली तरी कडा चिरतात. म्हणून सगळी उकड परातीत न काढता निम्मी पातेल्यात झाकून ठेवावी.

सारणाला दोन वाट्या खोवलेल्या ओल्या नारळाला एक वाटी गूळ. गूळ विरघळून पुन्हा घट्ट होऊ लागताच उतरवावे. अधिक आटविले तर थंडावल्यावर त्याची चिक्की होते आणि मोदकाच्या पोटात दगड ठेवल्यासारखे लागते. खसखस भाजून घालावी, वेलची घालावी. एकवीस बेताच्या मोदकांना अडीच वाट्या पिठी आणि एक मोठा नारळ पुरतो. मोदकाचा तळ क्षणभर पाण्यात बुडवून मगच तो चाळणीवर, केळीच्या किंवा हळदीच्या पानावर ठेवावा. असे केल्याने तो चिकटतही नाही आणि तडकतही नाही. बारा ते पंधरा मिनिटे पुरी होतात. झाकण काढताच मोदकावर चकाकी दिसली आणि ओल्या बोटाला पीठ चिकटले नाही की झाले.

कळ्यांविषयी मात्र माझे मत थोडे निराळे आहे. किती कळ्या पडल्या यावर बायकांच्या मोजणीचा जो डोळा असतो तो मला कधीच रुचला नाही. पहिल्या वर्षी माझ्या मोदकांना पाच-सहा कळ्यांपलीकडे काही साधेना. ते मोदक कमी आणि लसणीच्या गड्ड्या अधिक दिसत होते. पुष्कळ घरांत साचा वापरतात आणि त्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत मोदकांचा उल्लेख आहे तसाच लाह्यांचाही आहे आणि दूर्वांकुरांचाही. कळ्यांची संख्या कोठेच दिलेली नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात तर भगवंताने पान, फूल, फळ आणि पाणी इतक्यावरच भागविले आहे. विदुराघरच्या कण्या आणि सुदाम्याचे पोहे हे तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक. ज्या घरी दोघेही सकाळी आठच्या गाडीने कामाला जातात, त्या घरी चतुर्थीला पाच मोदक हातचे व्हावेत आणि बाकी खिरापतीवर भागवावे, याने व्रताला बाध येत नाही.

खिरापतीचा उल्लेख आला म्हणून सांगते. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस अशा पाच ‘ख’कारांनी होणारे हे पंचखाद्य नवशिकीला सर्वांत आधी शिकवावे, असे मला वाटते. सुके खोबरे किसून मंदाग्नीवर बदामी भाजावे, ते हाताने चुरावे; भाजलेली खसखस, खारकेची पूड, जाडसर कुटलेली खडीसाखर आणि बेदाणे मिसळावे. गॅसपुढे दहा मिनिटे पुरतात. दमटपणा लागला नाही तर ही खिरापत दहा दिवसांच्या आरत्यांना पुरते आणि शाळेच्या डब्यातही जाते. अडाखा चुकण्याजोगे यात एकच, खोबरे. त्याचा रंग तांबूस दिसू लागला की कढई खाली उतरवावी, कारण गरम कढईत ते पुढेही भाजले जाते.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी सणाच्या गडबडीत अनेकदा विसरली जाते. माझ्या मते मात्र तिच्या भाजीइतका रोजच्या जेवणात आणण्यासारखा दुसरा पदार्थ सबंध भाद्रपदात नाही. या दिवशी सप्तर्षी आणि अरुंधती यांची पूजा होते आणि व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. नांगरलेल्या शेतातले धान्य नाही, म्हणून भात नाही. त्याऐवजी आपोआप उगवलेला देवभात अथवा वरी. परसात, कुंपणावर, हातानेच खणलेल्या आळ्यात जे आले तेच चालते. पूर्वी तेल बैलाच्या घाण्यावर निघे, म्हणून भाजीला तेलाची फोडणीही नाही. पिठोरी अमावस्येला अनेक भागांत पोळा होतो, बैलाला न्हाऊमाखू घालून पुरणपोळीचा घास दिला जातो. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी हा दिवस येतो. आता नांगराला ट्रॅक्टर आणि घाण्याला यंत्र आले, तेव्हा ट्रॅक्टरच्या श्रमाचे का खाऊ नये, असे आमच्या घरी एका कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने एकदा विचारले होते. सासूबाई म्हणाल्या, “खा की. पण आज पानात काय आहे आणि ते कुणी पिकवलं, एवढं विचारून खा.” तो बिचारा भाजी निवडायला बसला.

ही भाजी अशी होते. अळूची पाने आणि देठी, लाल माठ, थोडी अंबाडी, लाल भोपळा, दोडके, पडवळ, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि सुरण. यांपैकी दोन-चार न मिळाल्या तर अडत नाही. अळू आणि सुरण यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला खाजवतात. म्हणून सुरणाच्या फोडी चिरताच आमसुलाच्या पाण्यात टाकाव्या, हातालाही तेच पाणी लावावे, आणि दोन्ही वस्तू पुरत्या शिजवाव्या. प्रथम पातेल्यात थोडे पाणी उकळून सुरण, कणीस आणि देठी घालावी. ती अर्धी शिजली की भोपळा, पडवळ, दोडके, भेंडी. शेवटी चिरलेला पाला. हिरव्या मिरच्या मोडून घालाव्या. सारे मऊ झाल्यावरच चिंचेचा कोळ घालावा, कारण आंबट आधी पडले तर फोडी लवकर शिजत नाहीत. मीठ, ओले खोबरे, आणि ज्यांच्याकडे चालते त्यांनी वरून लोण्याचा गोळा. बस्स. गोडा मसाला नाही, जिरे नाही, गूळदेखील नाही. प्रत्येक भाजीची आपापली गोडी इतकी स्वच्छ लागते की मसाल्याची आठवण होत नाही. वर्षाच्या इतर दिवशी भाकरीबरोबर, आजारातून उठलेल्याला, वृद्धांना ही भाजी द्यावी. चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगे वर्ज्य असणाऱ्या घरांत ‘आज भाजी काय’ हा प्रश्न जो रोज पडतो, त्याला या एका पातेल्याने आठवड्यातून एकदा तरी उत्तर मिळते.

गौरींचा स्वयंपाक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अनुराधा नक्षत्रावर येणाऱ्या त्या माहेरवाशिणींना पहिल्या दिवशी अनेक घरांत शेपूची भाजी आणि भाकरी, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी व सोळा भाज्या, कोकणात घावन-घाटले, कोठे आंबील. घराघरांची रीत वेगळी आणि ती आपापल्या घरी विचारूनच करावी. मुळावर विसर्जन होते तेव्हाच्या शिदोरीतील वाटली डाळ मात्र कोणीही सहज करावी अशी आहे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटावी. तेल नेहमीपेक्षा सढळ हाताने घ्यावे. मोहरी, हिंग, हळद, मिरच्यांच्या फोडणीत डाळ परतून, वाफा देत मोकळी करावी. खाली उतरविल्यावर लिंबू, चवीपुरती साखर, खोबरे, कोथिंबीर. डाळ गंधासारखी वाटली गेली तर तिचे पिठले होते, एवढे लक्षात ठेवावे. सोबत दहीपोहे असले की पंचवीस माणसांचा प्रसाद तासाभरात तयार होतो.

१९७९ सालच्या त्या चतुर्थीला माझे एकवीस मोदक पुरे झाले. तीन तडकले होते. ते मी पानात खाली, इतरांच्या आड ठेवले. नैवेद्य दाखविला, आरती झाली, आणि पहिला मोदक, वर तुपाची धार सोडून, सासूबाईंना खाटेवर नेऊन दिला. त्यांनी डावा हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि मला भरवावयास सांगितले. त्यांनी तो सबंध खाल्ला. काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमीची भाजी घेऊन गेले. ते व्रत त्यांचे, अनेक वर्षांचे. दोन घास खाऊन त्यांनी डोळे मिटले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मीठ बरोब्बर आहे. सुरण जरा आधी टाकायला हवा होता.”

तेव्हापासून आमच्याकडे सुरण सर्वांत आधी पडतो. वरच्या कृतीतही मी तो तसाच लिहिला आहे.